पाणी पूर्वेला, गहू पश्चिमेला

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाच्या डोंगरावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पश्चिमेच्या उतारावरचं पाणी ओढ्यानाल्यांतून बाघ नदीत उतरतं, बाघेतून वैनगंगेत, आणि पुढे प्राणहितेच्या सोबतीने गोदावरीत. पूर्वेला, बोरतलाव-डोंगरगडच्या अंगाला पडलेलं पाणी शिवनाथेला मिळतं आणि शिवनाथ महानदीला. वाटा दोन असल्या तरी समुद्र एकच, बंगालचा उपसागर. आमच्या भागातला एक थेंबही अरबी समुद्राला जात नाही. तरीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छत्तीसगडच्या मैदानातला गहू हा डोंगर चढून, पाण्याच्या उलट दिशेने, मुंबईकडे निघाला. तो तसा का निघाला याचं उत्तर शोधायला इजिप्तच्या वाळवंटापर्यंत जावं लागतं.

मी दरेकशाचा. नोकरी सगळी रेल्वेत, मालगाडीचा गार्ड म्हणून, आणि तीही बहुतेक याच पट्ट्यात, नागपूर ते डोंगरगड. गार्डाचं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात जातं. कुठल्या वॅगनमध्ये काय माल आहे, तो कुठून आला आणि कुठे चालला, हे त्याला लिहून ठेवावं लागतं. मालाची दिशा बघायची सवय मला तिथे लागली. घाटात जड गाडीला मागून बँकर इंजिन लागायचं, गाडी पावलापावलाने चढायची, आणि ब्रेकव्हॅनच्या पायरीशी उभं राहून मी विचार करायचो की एवढा खटाटोप करून इंग्रजांनी रूळ या डोंगरातून का नेला असेल. निवृत्तीनंतर जुनी गॅझेटियरं, रेल्वेचे इतिहास, मुंबई बंदराची माहिती असं जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आमच्या तालुक्यातल्या मुलांना कळावं, असं मला फार वाटतं. शाळेच्या पुस्तकात सुएझ कालवा भूगोलाच्या एका धड्यात असतो आणि आमचा डोंगर कुठेच नसतो.

रेल्वेच्या आधी या वाटेने बंजाऱ्यांचे तांडे चालत. शेकडो बैल, पाठीवर गोणी, पुढे घुंगरांचा नायक बैल. छत्तीसगडात मीठ पिकत नाही. तिथे मीठ न्यायचं आणि परतताना धान्य आणायचं, असा हा व्यापार. बैलाच्या पाठीवरून किती धान्य जाणार? छत्तीसगडला चांगलं पिकलं की भाव इतके कोसळत की कापणीची मजुरी सुटणं कठीण, आणि शंभर कोसांवर दुष्काळ असला तरी तिथे ते धान्य वेळेत पोचत नसे. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी हे ओळखलं होतं. १८६३ साली त्यांनी महानदीवर एक सविस्तर अहवाल लिहिला. नदी नौकानयनासाठी सुधारावी आणि छत्तीसगडचा माल संबलपूर, कटकमार्गे पूर्व किनाऱ्याला उतरवावा, असा त्याचा रोख. पाणी जातं त्याच वाटेने माल न्यायचा, हा तेव्हाचा स्वाभाविक विचार होता.

आमच्या बाजूच्या पाण्यासाठी तर याहून मोठी योजना आखली होती, आणि ती नुसती कागदावरची नव्हती. धवळेश्वरमचं धरण बांधणारे सर आर्थर कॉटन यांचं म्हणणं असं की हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा जलमार्गांची गरज जास्त आहे. गोदावरीच्या मुखापासून वर प्राणहिता, वर्धा आणि वैनगंगेपर्यंत बोटी चालवाव्यात, म्हणजे वऱ्हाड-नागपूरचा कापूस काकिनाड्याच्या बाजूने समुद्रात जाईल, अशी त्यांची मांडणी होती. वाटेत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे आहेत: पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळच्या देवलमरीपाशी. या अडथळ्यांना वळसा घालणारे कालवे खणायचे, त्यांना पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजे बसवायचे, म्हणजे बोट खडक टाळून वर चढेल. दुम्मागुडेमला बंधारा आणि दरवाजे बांधूनही झाले. सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं ठाणं झालं, ते मुख्यतः याच कामामुळे. गडचिरोलीच्या जंगलात, तापाने माणसं पटापट आजारी पडत असताना हे काम वर्षानुवर्षं चाललं. आणि १८७१ साली ते सोडून देण्यात आलं.

का सोडलं? कागदोपत्री कारण खर्चाचं. पण त्याआधीच्या चार वर्षांत दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. १८६७च्या फेब्रुवारीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली. आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला. पहिल्या घटनेने नागपूरचा कापूस मुंबईला नेला. दुसरीने मुंबई लंडनच्या इतकी जवळ आणली की पूर्व किनाऱ्यावरून माल काढण्यातला अर्थच कमी झाला. गोदावरीच्या बोटींचं स्वप्न कशाने बुडालं असं मला कुणी विचारलं तर मी रेल्वेइतकंच सुएझचं नाव घेईन. आमची नदी हरली ती त्या वाळवंटातल्या कालव्यापुढे.

किती फरक पडला ते बघा. आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून, मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे १०,७०० सागरी मैल. सुएझमधून ते सुमारे ६,३०० वर आलं. म्हणजे वाट जवळजवळ चाळीस टक्क्यांनी तुटली. त्याच्या आधीही टपाल आणि श्रीमंत प्रवासी इजिप्तमार्गेच जात, पण ते सुएझला बोटीतून उतरून, रेल्वेने अलेक्झांड्रिया गाठून, पुन्हा दुसऱ्या बोटीत चढत. पत्रांच्या थैल्यांना ते चालतं. गव्हाच्या हजारो पोत्यांना दोनदा उतरवण्याचा हमालखर्च परवडत नाही. कालव्याने हे उतरवणं संपवलं. शिवाय तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या मोठ्या जहाजांना सोयीचे नसल्याने हा रस्ता जन्मापासूनच आगबोटींचा झाला. पहिल्या पूर्ण वर्षात, १८७० मध्ये, ४८६ जहाजं तिथून गेली. टनामागे दहा फ्रँक असा दर होता. त्याच वर्षी मुंबई ते सुएझ समुद्राखालची तार सुरू झाली, आणि लंडनच्या बाजारातला गव्हाचा भाव मुंबईच्या पेढीवर त्याच दिवशी समजू लागला.

कालवा कुणी खणला हेही सांगितलं पाहिजे. फर्डिनांड द लेसेप्स यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. १८५४ साली इजिप्तच्या सैद पाशाकडून त्यांनी परवाना मिळवला आणि २५ एप्रिल १८५९ला भूमध्य समुद्राच्या काठावर पहिली कुदळ पडली. पण पहिली काही वर्षं ते खणलं इजिप्तच्या शेतकऱ्यांनी, वेठबिगारीने. हुकूम निघाला की गावच्या गाव वाळवंटात चालत जायचं, फावड्याने, टोपल्यांनी आणि प्रसंगी नुसत्या हातांनी माती काढायची. शेतं मागे ओस पडत. १८६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही सक्ती उठली आणि मग वाफेवर चालणारी गाळ काढणारी यंत्रं आली. आमच्याकडे जमीनदारीतल्या बेगारीच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकल्या आहेत. त्यामुळे नाईलच्या काठचा फेल्लाह, म्हणजे तिथला शेतकरी, मला परका वाटत नाही.

कालवा इजिप्तचा, पण त्याने इजिप्तलाच बुडवलं. तिथले राज्यकर्ते खेदिव इस्माईल कर्जात इतके रुतले की १८७५ साली त्यांना कालवा कंपनीतले आपले सगळे शेअर विकावे लागले. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथशिल्डांच्या पेढीकडून पैसे उचलून ते ४० लाख पौंडांना घेतले. कंपनीतला चव्वेचाळीस टक्के वाटा एका व्यवहारात इंग्रजांकडे गेला. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, इंग्रजी फौजांनी इजिप्तच ताब्यात घेतला. हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच साली दरेकशाच्या डोंगरातून जाणारा रूळ राजनांदगावला पोचला.

मुंबईची तयारी आधीच सुरू झाली होती. १८७३ मध्ये बंदराचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे आला आणि त्याच वर्षी गव्हावरची निर्यात जकात उठवली गेली. १८७५ला ससून डॉक, १८८०ला प्रिन्सेस डॉक, १८८८ला व्हिक्टोरिया डॉक अशा गोद्या एकामागून एक उभ्या राहिल्या. १८८१-८२ साली हिंदुस्थानातून जवळजवळ दहा लाख टन गहू बाहेर गेला. दहा वर्षांपूर्वी हा आकडा नगण्य होता. इंग्लंडच्या कारखान्यांतल्या कामगारांना स्वस्त पाव हवा होता, आणि रशिया, अमेरिकेच्या बरोबरीने आता हिंदुस्थानही गहू पुरवणाऱ्यांच्या रांगेत आला.

अशा वेळी नागपूरच्या पूर्वेला पडून असलेलं छत्तीसगडचं धान्य सरकारच्या डोळ्यांत भरलं नसतं तरच नवल. त्यात १८७६ ते ७८चा दक्षिणेतला भयानक दुष्काळ ताजा होता. धान्य असलेला भाग नसलेल्या भागाला जोडायचा हा हेतूही होता, आणि तो खोटा नव्हता. मध्य प्रांताच्या सरकारने स्वतः नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधायला घेतली. नागपूर, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड, राजनांदगाव असा सुमारे १५० मैलांचा मार्ग १८८० ते १८८२ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. आमगावपर्यंत सपाट धानाचा मुलूख, तिथे रूळ टाकणं अवघड नव्हतं. खरी परीक्षा सालेकसा सोडल्यावर होती. जुना पूर्वेचा मोठा रस्ता नागपूरहून साकोली, देवरीवरून रायपूरला जाई. रेल्वेने तो सोडून उत्तरेची वाट धरली आणि इथे येऊन डोंगर फोडला. हाजरा धबधब्यापासून दिसणारा रूळ आणि दरेकशाचा बोगदा ही त्या कामाची खूण. सुरुंगाने कातळ फोडणारे, दगड घडवणारे, भराव टाकणारे हात इथे राबले, त्या वेळी या जंगलात मलेरिया होता आणि वाघ होते. बोगद्याचा घडीव दगड मी टॉर्चच्या उजेडात जवळून बघितला आहे. तो सांधा आजही दाद द्यावी असा आहे.

एक अडचण मात्र राहिली होती. ही रेल्वे मीटरगेज होती आणि जी.आय.पी. ब्रॉडगेज. म्हणजे राजनांदगावहून आलेलं प्रत्येक पोतं नागपूरला हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं. सुएझवरून एकदाही न उतरता लंडनला जाणारा गहू नागपूरच्या फलाटावर उतरत होता! १८८७ साली लंडनमध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. सरकारने तिच्या भांडवलावर व्याजाची हमी दिली, हा मार्ग तिच्या हवाली केला आणि तिने तो ब्रॉडगेज केला. १८९१ पर्यंत रूळ बिलासपूरवरून आसनसोलला भिडला आणि १९०० साली थेट हावड्याला. तेव्हापासून दरेकसा मुंबई-कलकत्ता मुख्य मार्गावर आहे.

आता मालाकडे वळतो, कारण माझा जीव तिथे जास्त रमतो. छत्तीसगडच्या काळ्या जमिनीतला गहू आणि मैदानातला तांदूळ हे घाट चढून यायचे. घाटाच्या अलीकडे, गोंदिया-आमगाव-तिरोड्याच्या बाजूला, आमचा शेतकरी धान लावतो. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरी किंवा जवस टाकायची रीत जुनी आहे. तिला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही, धानाच्या ओलीवर पीक येतं. हे जवस पूर्वी घाण्यावर जाई, तेल घरी राही, पेंड बैलाला. इंग्लंडला मात्र जवसाच्या तेलाची भूक लागली होती. रंगासाठी ते लागे, आणि फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात शोधलेल्या लिनोलियमसाठी तर त्याच्याशिवाय चालत नसे. लिनोलियम म्हणजे जमिनीवर पसरायची गुळगुळीत चादर, तिकडच्या घरांत, दवाखान्यांत, जहाजांवर सगळीकडे. आमच्या उतेऱ्याचं जवस समुद्रापार लोकांच्या पायाखाली गेलं आणि शेतकऱ्याच्या हातात घाण्याच्या तेलाऐवजी रोख पैसा आला. हा बदल लहान नव्हता. घरच्या तेलाचा हिशेब एकदा बाजाराच्या भावाला बांधला गेला की तो पुन्हा सुटत नाही.

हिरड्याची गोष्टही सांगण्यासारखी. जंगलातला हिरडा आमच्या आजीच्या बटव्यातला. विलायतेत त्याचा उपयोग चामडं कमावायला होई. तिथल्या व्यापाऱ्यांनी हिरड्याच्या प्रतींना आपल्या गावांची नावं दिली होती: जबलपूर, राजपूर, भीमली, आणि वेंगुर्ला सुद्धा. मध्य प्रांताच्या जंगलातून गोंड बायांनी वेचलेला हिरडा मुंबईहून बोटीत चढत असे. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगल सरकारी झालं, वेचणाऱ्याला परवाना लागू लागला आणि हिरड्याची किंमत परदेशातल्या कातडी कारखानदाराच्या गरजेवर ठरू लागली. कचारगडच्या गुहांशी माघ पौर्णिमेला लाखो आदिवासी बांधव जमतात, त्यांच्या पूर्वजांच्या हातून गेलेला हा माल आहे.

१९००च्या सुमारास मँगनीज आलं. भंडारा, बालाघाट, नागपूर या जिल्ह्यांत या काळ्या दगडाचे जगातले उत्तम साठे सापडले. पोलाद बनवायला ते लागतंच. बालाघाटहून छोटी लाइन १९०३ मध्ये गोंदियाला जोडली गेली, १९०५ पर्यंत ती जबलपूरला पोचली, आणि गोंदिया मोठं जंक्शन झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मँगनीजच्या बाबतीत हिंदुस्थान रशियाशी पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होता. तुमसर-चिखल्याचा दगड मुंबईच्या गोदीतून सुएझमार्गे इंग्लंड-जर्मनीच्या भट्ट्यांत जाई. तिथे त्याचं पोलाद होई आणि त्यातलं काही रूळ, पूल, इंजिन होऊन पुन्हा सुएझमधूनच आपल्याला विकलं जाई.

परतीच्या मालात कापड पहिलं. भंडारा, पवनी, मोहाडीच्या हलबा कोष्ट्यांचे माग होते, त्यांना मँचेस्टरच्या कापडाने आधीच धक्का दिला होता. कालव्याने वाहतूक स्वस्त केली आणि तो धक्का गावागावात पोचला. दुसरा माल रॉकेल. ऑगस्ट १८९२ मध्ये मार्कस सॅम्युअल यांचं ‘म्युरेक्स’ जहाज रॉकेल टाक्यांत भरून सुएझमधून पूर्वेला आलं. तसं ते पहिलंच. थोड्याच वर्षांत रॉकेलचे डबे खेड्यात आले आणि मोहाच्या बियांच्या तेलाचे दिवे मागे पडले. तांडे घेऊन येणारे बंजारे तर रूळ आल्यावर लवकरच या वाटेवरून नाहीसे झाले.

मग १८९६-९७चा दुष्काळ पडला, आणि तीन वर्षांनी १८९९-१९००चा. मध्य प्रांताला दोन्ही वेळा फार जबर मार बसला. रेल्वेमुळे धान्य बाहेर गेलं म्हणून माणसं मेली, असं एका वाक्यात सांगणारे लोक आहेत. रेल्वेने बाहेरून तांदूळ आणून माणसं वाचवली, असं सांगणारेही आहेत. दोन्ही घडलं. माझं मत असं की रूळ आल्यानंतरच्या पंधरा वर्षांत एक गोष्ट निघून गेली होती: घरातली साठवण. पूर्वी चांगल्या सालाचं धान्य कणगीत, पेवात राही, कारण त्याला गिऱ्हाईकच नसे. आता आडतिया स्टेशनवर बसलेला, तार आलेली, भाव चढलेला. सारा भरायला पैसा हवा, सावकार दारात. धान्य विकलं गेलं. वाईट साल आलं तेव्हा आगगाडीने धान्य परत आणलं खरं, पण ते विकत घ्यायचं होतं आणि मजुराच्या हातात पैसा नव्हता. रिकाम्या कणगीचा हा हिशेब सरकारी अहवालातल्या आयात-निर्यातीच्या तक्त्यात दिसत नाही.

पहिल्या महायुद्धात ३ फेब्रुवारी १९१५ रोजी तुर्की फौजेने कालवा ओलांडायचा प्रयत्न केला, तो परतवणाऱ्यांत मोठा भाग हिंदी सैनिकांचा होता. इंग्रजांच्या वाटेची राखण आपल्या शिपायांनी केली. त्यांच्या नावांचं स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफिकला उभं राहिलं होतं, ते पुढे इजिप्त-इस्रायल लढायांत उद्ध्वस्त झालं.

१ ऑक्टोबर १९४४ रोजी बंगाल नागपूर रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. कालव्याला त्यासाठी आणखी बारा वर्षं लागली. २६ जुलै १९५६ला अलेक्झांड्रियाच्या सभेत इजिप्तचे अध्यक्ष नासर बोलत होते. भाषणात ‘लेसेप्स’ हे नाव येताच त्यांच्या माणसांनी कालवा कंपनीची कार्यालयं ताब्यात घ्यायची, असा संकेत ठरलेला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हल्ला केला, इजिप्तने जहाजं बुडवून कालवा बंद केला, आणि तो १९५७च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाला. नेहरूंचा भारत इजिप्तच्या बाजूने ठाम उभा राहिला आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान गेले. मला याचा अभिमान वाटतो.

नेमक्या त्याच काळात आमच्या रुळावरची दिशा बदलू लागली. दरेकशाच्या पूर्वेला, याच मार्गावर, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. सोव्हिएत संघाशी करार १९५५चा, पहिली झोतभट्टी पेटली फेब्रुवारी १९५९ मध्ये. काळ्या समुद्राकडून यंत्रं यायची म्हणजे वाट सुएझचीच. भट्टी पेटल्यावर मँगनीजला घरचं गिऱ्हाईक मिळालं. तुमसर-बालाघाटचा जो दगड पूर्वी दरेकशाचं तोंडही न बघता पश्चिमेला जायचा, तो आता पूर्वेला वळला आणि आमचा घाट चढू लागला. माझ्या नोकरीत मी हा दगड भिलाईला नेला आहे आणि भिलाईचे रूळ घेऊन परत आलो आहे. या दोन फेऱ्यांची किंमत ज्याला तुमसर-लंडन-मुंबई हा जुना फेरा ठाऊक आहे त्यालाच कळेल.

गहूही उलटला. अमेरिकेशी धान्य आणण्याचा पहिला पी.एल. ४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, नासर यांच्या त्या भाषणानंतर महिन्याभराने. १९६५-६६च्या कोरड्या वर्षांत देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं. आमच्या लहानपणी रेशनच्या रांगेत मिळणारा तो गहू आणि नंतरची लाल मिलो ज्वारी गोंदियाकडच्या माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवते. ज्या बंदरातून आमचा गहू निघायचा त्याच बंदरात परका गहू उतरत होता. ५ जून १९६७ला युद्धामुळे कालवा पुन्हा बंद झाला आणि पूर्ण आठ वर्षं बंद राहिला. ५ जून १९७५ला उघडला. चौदा जहाजं ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून पडली, वाळूने पिवळी झाली. ओडेसाहून मुंबईला येणारा रस्ता जवळजवळ तिप्पट झाला. खत, यंत्रं, धान्य, सगळं आफ्रिकेला वळसा घालून आलं आणि त्याचं भाडं परकीय चलनात, आपण भरलं.

माझ्या निवृत्तीनंतर, २३ मार्च २०२१ला, ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचं जहाज त्या कालव्यात आडवं रुतलं आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते. टीव्हीवर ती बातमी बघताना मला घाटात अडकलेली गाडी आठवत होती: मागे रांग लागलेली, कंट्रोलचा फोन, आणि गाडीवरच्या माणसांवर सगळ्यांचा डोळा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा मोठ्या कंपन्यांनी पुन्हा केपची वाट धरली. २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर गेलेलं कालव्याचं उत्पन्न २०२४ला चार अब्जांच्या आसपास आलं. तिथलं भाडं चढलं की न्हावाशेव्याला कंटेनर महागतो, आणि कंटेनर महागला की निर्यातीचा तांदूळ घेणारा व्यापारी भाव पाडून मागतो. गोंदियाच्या राईस मिलवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. धान विकणाऱ्या शेतकऱ्यालाही ते समजलं पाहिजे, कारण शेवटी कपात त्याच्या पोत्यावर येते.

२०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ मार्गांची यादी आहे, आणि तिच्यात वैनगंगा-प्राणहितेचंही नाव आहे. आर्थर कॉटन यांनी आखलेली वाट दीडशे वर्षांनी पुन्हा सरकारच्या यादीत आली. तिच्यावर उद्या बोटी चालणार असतील तर त्या आधी देवलमरी आणि इंचमपल्लीचे खडक, धरणांनी अडवलेलं पाणी आणि उन्हाळ्यात घोट्याएवढी उरणारी वैनगंगा यांचा हिशेब मांडावा लागेल. तोवर आमच्या मालाला दरेकशाचा रूळच आहे. तिथे तिसऱ्या लाइनचं काम निघालं तेव्हा घाटात पुन्हा कातळ फुटला.